हवालदारांचे आरसे

सर्जेराव हवालदारांशी बोलायचं तर त्यांच्या समोर उभं राहावं लागे. दवाखान्यात ते पहिल्यांदा आले तेव्हा मी पाठमोरा बाटल्या धूत होतो. "काय होतंय?" असं मी न वळताच विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, जरा चिडूनच. मग एक जड हात खांद्यावर पडला, त्याने मला गर्रकन फिरवलं आणि समोर भल्या मोठ्या मिशा हसताना दिसल्या.

"कंपौंडर, तोंड माझ्याकडं करून बोला. पुटपुटू नगा, वरडूबी नगा. व्हट हाललं की मला कळतंय."

लढाईत ते मोटारसायकलवरून निरोप पोचवत. एकदा तोफगोळा अगदी शेजारी फुटला. गाडी वाचली, माणूस वाचला, कान तेवढे गेले. "कान सरकारला दिलं, डोळं मातूर माघारी घिऊन आलो," हे ते असं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं सौदा चांगलाच झाला. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली एक फटफटी त्यांनी मिळवली आणि धुरळा उडवत कडेगावात आणली. अख्खं गाव बघायला लोटलं होतं. मीही.

आमच्या डॉक्टरांना पूर्वेच्या माळावरच्या वस्त्यांना औषधं पोचवायला माणूस हवा होता. पटकीची साथ आली की बैलगाडी पोचेपर्यंत उशीर झालेला असे. डॉक्टर हवालदारांना म्हणाले, "परवाना घेऊन या, काम तुमचं." पण परवाना देणारे साहेब कराडला येत आणि परीक्षा अशी घेत, की मोटारीतून मागे लागायचं, हॉर्न वाजवायचा आणि गडी बाजूला होतो का बघायचं. ते कळल्यावर हवालदारांच्या मिशा पहिल्यांदाच खाली आल्या. मग म्हणाले, "मला ह्ये एकच काम चांगलं येतंय, कंपौंडर. नांगरामागं आता माजं मन लागत न्हाई."

मागचं कळत नाही म्हणजे काय, हे मला त्यांच्या मागे बसून मारलेल्या पहिल्याच फेरीत समजलं होतं. माझी नवी टोपी उडाली. मी "थांबा, थांबा!" म्हणून बोंब मारतोय आणि हवालदार आनंदाने मिशा फडकवत पुढे चाललेत. पाठीत गुद्दा घातला तेव्हा थांबले, तोवर टोपी कुठल्याशा शेळीच्या तोंडात गेली होती. त्यांच्या घरी तर हे रोजचंच. हौसावहिनी भाकरीचं फडकं घेऊन फटफटीमागे पळत. "आवं, आवं म्हणून घसा फुटतोय माजा," त्या मला म्हणाल्या, आणि एकदम डोळ्याला पदर लावला. "लढाईवरनं आलं, पर माझी हाक काय त्येंच्यापातुर पोचत न्हाई."

हवालदारांनी ते बघितलं. म्हणजे ओठांवरून ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला दाढीचा आरसा फटफटीच्या मधोमध बांधला. चक्कर मारून आले आणि वैतागून म्हणाले, "ह्यात नुसतं आमचं खांदं आन् कंपौंडर दिसतोय! रस्ता बगायचा तर आरसा पार टोकाला पायजे." हँडलची नळी पोकळ असते. मुठीच्या रबराचं टोक कापून त्या नळीच्या तोंडातच आरसा बसवायचा, असं ठरलं. एका बाजूला दाढीचा आरसा आणि दुसऱ्या बाजूला वहिनींनी कुंकवाच्या पेटीतला काढून दिलेला. दोन्हींना लोहाराने पत्र्याचं घर आणि मागे दांडी करून दिली.

आता दांडी नळीत घट्ट कशी राहणार? आमच्याकडे ढिल्या वस्तूवर सगळ्यांना एकच उपाय ठाऊक. गाडीचं चाक खुळखुळलं, टाका पाण्यात. कुऱ्हाडीचा दांडा हलला, टाका पाण्यात. हवालदारांनी बाभळीचे दोन खुंट तासले, त्यांत दांड्या ठोकल्या, खुंट नळीत मारले आणि वर ओलं फडकं गुंडाळून ठेवलं. लाकूड असं फुगलं की आरसा हातोडीनेही हलेना. मी तर नाचायचाच बाकी होतो!

वैशाखात आम्ही कराडला गेलो. (परवाना नसताना इथवर कसे आलात, हे सुदैवाने कुणी विचारलं नाही.) नळी तापून नुसती चटके देत होती. साहेबांची मोटार मागे लागली, मी रस्त्याकडेला हात जोडून उभा, आणि माझ्या डोळ्यांदेखत उजव्या बाजूचा आरसा सुळकन निघाला आणि धुळीत पडला. फुगलेला खुंट उन्हाने वाळून बारीक झाला होता! हवालदार थांबले, मोटार कशीबशी थांबली.

साहेब खाली उतरून ओरडले, "हॉर्न ऐकू येत नाही का?"

"न्हाई येत, साहेब."

मी डोळे मिटून घेतले.

"मग गाडी चालवता कशी?"

"ह्येच्यावर." हवालदारांनी धुळीतला आरसा उचलून दाखवला. "मीच नीट बसिवला न्हाई. ह्यो डाव माजा चुकला. एक डाव द्या. पुन्यांदा पडला तर तोंड दाखवनार न्हाई."

साहेबांनी आरशात पाहिलं, हवालदारांकडे पाहिलं. "पुढच्या खेपेला या. पण एकदाच."

तो आरसा होता वहिनींचा. कडेला तडा गेलेला. फुटका आरसा घरात ठेवू नये, असं वहिनी म्हणाल्या. "घरात कुटं? फटफटीवर ऱ्हातोय त्यो," हवालदार म्हणाले. वहिनी हसल्या, पण हवालदारांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी औषधाच्या बाटलीत रबरी बूच दाबत होतो. वरून दाबलं की ते बाजूने फुगून काचेला घट्ट धरत होतं. मी बघतच राहिलो. मग बाटली तशीच टाकली आणि पळत सुटलो. हवालदार पाठमोरे बसले होते आणि मी खुळ्यासारखा त्यांच्या पाठीला सगळं ओरडून सांगत होतो! शेवटी मीच त्यांना धरून फिरवलं.

दर आरशाला तीन बुचं नळीच्या मापाने तासली, भोकं पाडली, आरशाच्या दांडीचं टोक वाकवून केलेल्या कडीतून आणि मग बुचांतून लांब बोल्ट ओवला. आतल्या टोकाला लोखंडी चकती आणि तिलाच जोडून टाकलेला नट. सगळं नळीत सारून बाहेरून बोल्ट आवळला, तशी चकती बाहेरच्या बाजूला ओढली गेली आणि बुचं आतल्या आत फुगली. "लोंबकळा," हवालदारांनी हुकूम सोडला. मी दोन्ही हातांनी आरशाला ओढलं. फटफटी हलली, आरसा हलला नाही. मग गाडीवाटेच्या चाकोऱ्यांतून आम्ही अशी फटफटी हाणली की माझे दात वाजले, आणि दोन्ही आरशांत रस्ता होता तिथेच होता.

कराडला साहेब या वेळी उजवीकडून आले, डावीकडून आले, धुरळ्यात दडून आले. हवालदारांचा हात दर वेळी 'या पुढे' म्हणून आधीच बाहेर! मोटारीतून उतरताना साहेब हसत होते. "अहो, हॉर्न वाजवू तरी द्या मला!" सही करताना त्यांनी हवालदारांकडे तोंड करून सावकाश 'शाबास' म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुरळ्यावर ढकललं.

पुढे कितीतरी वर्षं आम्ही माळ तुडवला. सकाळी वहिनी दारात उभ्या राहत. भाकरी राहिली असेल तर फडकं उंच धरत आणि फटफटी वळणाआधीच माघारी फिरे. कधी कधी फडक्यात काहीच नसे. हवालदारांना ते ठाऊक असे, तरी ते फिरत.

मला साताऱ्याला नोकरी लागली तेव्हा कराडच्या मोटार अड्ड्यावर सोडायला तेच आले. "मागचं दिसत असलं की म्होरं जायला भ्या वाटत न्हाई, कंपौंडर," एवढंच म्हणाले आणि फटफटीला लाथ मारली. नीट निरोपही घेतला नव्हता मी. ती दूर जायला लागली तसा माझा धीर सुटला. "हवालदार! जपून जा, हवालदार!" मी ओरडत राहिलो, आणि कुणाला ओरडतोय हे आठवलं. मग टोपी काढली आणि हात ताणून उंच धरली.

रस्त्याच्या पार टोकाशी, मान जरासुद्धा न वळवता, हवालदारांनी हात वर केला.