गारांतून वाचलेले वेल

गोदावन्सं गेल्याचं मला कळलं ते आठ दिवसांनी. त्या खंडाळ्याला ज्या बंगल्यात स्वयंपाकाला होत्या, तिथला माळी सांगत आला. "बाई गेल्या. तवाच येनार व्हतो, पर जमलं न्हाई..." मी त्याला चहा दिला. रडू आलं नाही. महिना झाला, आता लिहायला बसले आहे, कारण त्यांच्याविषयी लिहिणारं दुसरं कोणी उरलं नाही आणि त्यांना त्या परक्या चुलीपुढे नेऊन बसवणारी मीच.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. नवऱ्याने टाकलेली. मी लग्न होऊन तळेगावच्या घरी आले, तेव्हा त्यांना माहेरी येऊन बारा वर्षं झाली होती आणि त्यांची सख्खी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पानात वाढता वाढता म्हणायच्या, "खातेस तेवढं राबत जा." वन्सं राबत. घरामागे मोरीच्या पाण्यावर त्यांनी भाजीची बाग केली होती. फाल्गुन-चैत्रात बाजारात भाजी मिळेनाशी झाली की घर त्यांच्या गवारीवर आणि दोडक्यांवर चाले. तेवढे दोन महिने सासूबाईंचं तोंड बंद असे. त्या दोन महिन्यांच्या जोरावर वन्सं बाकीचं वर्ष काढत.

आणि हवा तर अशी, की तिचा भरवसा नाही. पहाटे दुलई सोडवत नाही, दुपारी जमीन पोळते, मध्येच घाटाकडून आभाळ येऊन मुक्काम ठोकतं आणि गवारीवर मावा पडतो. वन्सं उजाडताच चुलीतली राख चाळून पानापानावर टाकत. मला म्हणत, "पानाची खालची बाजू बघ गं, लबाडी तिथे असते." त्या घरात मायेने मला एवढंच कोणी शिकवलं.

त्या चैत्रात दोघी मायलेकी गावात हळदीकुंकवाला गेल्या होत्या. मी बाहेरची होते. मागच्या पडवीत बसायचं, चार दिवस कशालाही शिवायचं नाही. दुपार कलली आणि एकाएकी गारा सुरू झाल्या. दोडक्याची पानं डोळ्यांदेखत फाटायला लागली. मी विचार केलाच नाही. पाट्या, टोपल्या, हाताला लागेल ते वेलांवर पालथं घातलं आणि गवारीवर गोणपाट धरून उभी राहिले. पाठ सडकून निघाली, पण निम्मी बाग वाचली.

वन्सं धावत आल्या. एक टोपली उचलून खालचा हिरवागार वेल पाहिला आणि हसल्या. त्यांना तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. "कुणी गं झाकलं?" सासूबाई मागे दारातच उभ्या होत्या. मला शेजारणीचं नाव घेता आलं असतं. पण शाबासकीची भूक मोठी वाईट... मी म्हणाले, "मी."

"शिवलीस?" सासूबाई कडाडल्या. "गोदे, उपट सगळं. माझ्या देवाला ही भाजी चालायची नाही."

वन्संनी पदर खोचला. खाली बसल्या आणि एकेक वेल मुळासकट उपटत गेल्या. गवारीला शेंगा धरल्या होत्या, तीही उपटली. मी पडवीतून बघत राहिले.

भाजी नाही, तर वन्सं कशाला? वैशाखात त्यांची खंडाळ्याला रवानगी झाली. त्यांची ट्रंक यजमानांनीच स्टेशनवर नेली. मी तेव्हाही अवाक्षर काढलं नाही.

सासूबाई गेल्यावर आम्ही लोणावळ्याला राहायला आलो, तेव्हा एकदा मी वन्संना भेटायला गेले. माफी मागायची होती आणि मी हवापाण्याचं बोलत राहिले. त्याच तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "गारा पडू द्यायच्या होत्यास गं. गारांनी मारलं असतं तर मी पुन्हा लावलं असतं. आपल्या हाताने उपटल्यावर..." बंगल्यामागे भरपूर मोकळी जागा होती. तिथे मेथीची काडीसुद्धा नव्हती.

माझ्या परसात चार वेल होते. परवा गारा आल्या, तेव्हा मी पाटी घेऊन धावले आणि अर्ध्या वाटेत थांबले. गारा संपेपर्यंत तशीच उभी राहिले. चारही वेल गेले. दुसऱ्या दिवशी मी नवं बी टोकलं. माझा हात एकदाही अडखळला नाही, याची लाज वाटते.