महादेवाचा सांड

हिंगणीच्या आनंदाबाईच्या तोंडाला सारं गाव भ्यायचं, एक सांड सोडून. तो तिच्या वांग्याच्या वाडीत शिरायचा, पोटभर खायचा आणि उरलेलं तुडवून जायचा. विधवा बाईचं सारं पोट त्या अर्ध्या एकरावर. आणीबाणीत भल्याभल्यांना कोंडलं, पण या बाबाला हात लावायची कोणाची टाप नव्हती. गावचे जुने जमीनदार महादेवराव मालगुजार यांनी तो बापाच्या अकराव्याला महादेवाच्या नावानं सोडला होता, पुठ्ठ्यावर त्रिशूळाचा डाग देऊन.

आनंदाबाईनं त्याला हाकत कोंडवाड्यात नेलं. तिथल्या मुनशीनं हातच जोडले. "बाई, मालक कोन लिहू? महादेव? अन् सोडवाले कोन येईन, कैलासावरून?"

ती महादेवरावांकडे गेली. "देवाले देला तो. माहा काय संबंध?" म्हणून ते मोकळे. त्यांच्या गायी माजावर आल्या की मात्र हाच सांड गोठ्यात पाहुणचाराला असायचा. अशी ही भक्ती!

बाई पेटली, कोर्टात गेली. मागणं एवढंच, की कोणीतरी सांडाला बांधा. तिकडे सरकार बदललं, इकडे तारखाच चालू. देव कायद्यानं माणूस धरला जातो, हे ऐकून तिला धीर आला. "मंग त्यालेच समन काढा," म्हणाली. देवळाचे पंच महादेवरावच. ते म्हणाले, सांड देवाला दिला, देवळाला नाही. न्यायाधीश भला माणूस. चष्मा पुसून पुसून त्यांनी पुस्तकं चाळली, पण सोडलेल्या सांडाबद्दल एक ओळ सापडेना. शेवटी निकाल दिला: असा सांड कोणाच्याच मालकीचा नाही, सबब नुकसानीला जबाबदारही कोणी नाही. कायद्यात भोक केवढं, तर सांड शिंगांसकट आरपार गेला!

आनंदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. पण ती जागची हलली नाही.

"साहेब, कोनाचाच नाई न? मंग मी बांधला त चोरी होईन का?"

साहेब विचारात पडले. "मालकच नाही, तर चोरी कुणाची?"

झालं! सरकीच्या ढेपेचं घमेलं दाखवून तिनं सांडाला आत घेतलं, भाऊ तानबानं वेसण घातली, आणि तिच्या एकुलत्या बैलाच्या जोडीला महादेवाचा सांड वखराला लागला. गाव कानांवर हात ठेवू लागलं, पाप, पाप!

"देवाचा असन त देव येईन सोडवाले," ती म्हणाली.

देव आला नाही. महादेवराव आले, धोतराचा सोगा धरून धावत, अर्धं गाव मागे.

"ए बाई! माह्या सांडाले जुपून राह्यली?"

तिनं वखर थांबवला. "कोनाच्या, मालगुजार? जरा मोठ्यानं बोला, कोर्टातल्या साहेबाले आयकू जाऊ द्या. तुमचा असन त दोन सालाची वांगी भरून द्या अन् घेऊन जा. देवाचा असन त मांगं व्हा, मले अजून वखराची चार तासं हानाची हाय."

महादेवरावांनी सांडाला हात जोडले, "हर हर महादेव" पुटपुटले आणि आल्या वाटेनं निघून गेले.