साबण लावून ऐकायची गोष्ट

सातपूरच्या कारखान्यांमागच्या वस्तीत, विहाराच्या खोलीत सुलाबाई बालवाडी चालवायच्या. माहेर मनमाडचं, वडील रेल्वेत गँगमन. मॅट्रिक झाल्या झाल्या लग्न झालं आणि कारखान्यात पाळ्या करून करून पिचलेल्या, पण स्वभावानं सरळ अशा जयरामच्या संसाराला त्या सातपूरला आल्या. पोरांची त्यांना कधी घाण वाटली नाही. शेंबूड पुसायचा, चड्ड्या बदलायच्या, कुणी ओकलं तर राख टाकून भरायचं, सगळं त्या गाणं गुणगुणत करायच्या. साऱ्या जगात त्यांना किळस यायची ती एकाच माणसाची, यादवरावांची.

यादवराव म्हणजे बालवाडी चालवणाऱ्या संस्थेचे चिटणीस. अंगावर परीटघडीचे पांढरे कपडे, तोंडात तंबाखू, आणि तंबाखू थुंकून झाली की भाषण. समतेवर बोलायला लागले की पोरं पेंगायची तरी हे थांबायचे नाहीत. पण सुलाबाईंनी चहाचा कप पुढे केला की यांचं पित्त नेमकं तेव्हाच उसळायचं. आणीबाणीच्या आधीपासून हे पित्त त्या एकाच दारात उसळत होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ते पित्त कसलं आणि त्यावरचं औषध काय, हे वस्तीतल्या बायांना ठाऊक होतं, पण बालवाडी बंद पडेल म्हणून सगळ्या गप्प बसायच्या.

या यादवरावांकडे मुलांचं एक चित्रांचं पुस्तक होतं. एक करडू लाल टोपी घालून बाजाराला निघतं, वाटेत कुंभार, कोंबडी, भेटेल त्याला टोपी घालून बघायला देतं, आणि शेवटी एक कोंबडी त्या टोपीतच अंडी घालून बसते. शिकल्यासवरल्या घरांतली दोन पिढ्यांची पोरं त्या करडावर वाढली होती. वस्तीतल्या पोरांना मात्र ते फक्त शनिवारी भेटायचं, यादवरावांच्या पिशवीतून.

आणि भेटायचं ते कसं? पोरांनी आधी मोरीवर जाऊन साबणानं हात धुवायचे. मग भिंतीशी रांगेत बसायचं. समोर खडूची रेघ, ती ओलांडायची नाही. रेघेपलीकडे खुर्चीत बसून यादवराव पुस्तक दाखवणार. सुलाबाईंनीसुद्धा त्याला हात लावायचा नाही.

"जुनं पुस्तक आहे हो बाई, मळेल," ते म्हणायचे. "शिवाय मुलांना स्वच्छतेची सवय लागते."

चार वर्षांची फुला एकदा ओले हात पुढे धरून म्हणाली, "बाई, हात तर लावू देत नाय, मंग साबण कशाला?" सुलाबाईंनी तिचे हात पदराला पुसले.

गोष्ट सुरू व्हायची. यादवराव अंगठा तोंडात घालायचे, तंबाखूच्या लाळेत चांगला भिजवायचे आणि त्याच अंगठ्यानं पान उलटायचे. दर पानाचा कोपरा तपकिरी झाला होता. करडाच्या शेपटीवर डाग, कुंभाराच्या चाकावर डाग. पोरं चित्रं बघायची आणि सुलाबाई तो अंगठा बघायच्या.

"जेवायला बसले तरी तो अंगठाच दिसतो हो मला," त्या घरी म्हणाल्या.

"नोकरी त्याच्या हातात हाय," जयराम म्हणाला. "गप ऱ्हा."

त्यांनी भाकऱ्या थापायला घेतल्या. पण पोरांनी एकदा तरी आपल्या हातानं ते पान उलटावं, एवढी एकच गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली होती.

एका शनिवारी शेवटची दोन पानं एकमेकांना चिकटली. दुसरं काय होणार? इतक्या वर्षांची लाळ ती. यादवराव नखानं खरवडू लागले, तसा कागद टरकायला लागला. फुलाला ते बघवेना. ती उठली, रेघ ओलांडून गेली आणि तिनं दोन पानांमध्ये आपलं धुतलेलं, इवलंसं बोट हळूच सरकवलं. पानं अलगद सुटली. कोंबडी दिसली आणि पोरांनी टाळ्या पिटल्या.

यादवरावांनी विस्तवाला हात लागावा तसा हात मागे घेतला. फुलाचं बोट त्यांच्या बोटांना लागलं होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि स्वतःची बोटं एकेक करून पुसली.

"राहू द्या आता हे इथंच," पुस्तक खुर्चीवर टाकत ते म्हणाले. "माझ्या घरी नातवंडं आहेत."

"साहेब, साबण मोरीवर आहे," सुलाबाई म्हणाल्या. "जाताना तोंडही धुवा."

ते ताडताड निघून गेले.

सुलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पुस्तक उचलून त्या दारापर्यंत गेल्या. यादवरावांच्या पाठीत घालावं आणि मोकळं व्हावं! गावचं उष्टं खाणार नाही म्हणून त्यांच्या बापानं गाव सोडून रेल्वेची पहार धरली होती. आणि आज हे थुंकीनं भरलेलं उष्टं पोरांपुढे वाढायचं? त्यांनी हात उगारला.

"बाई, फेकू नका ना," फुला पदराला लोंबकळली. "कोंबडी आत हाय."

सुलाबाई दारातच थांबल्या. शिसारी अंगभर होती, ती काही गेली नाही. तरी त्या मागे फिरल्या. ओल्या फडक्याला साबण लावून त्यांनी एकेक कोपरा पुसायला घेतला. डाग निघेनात, उलट करडाचा रंगच फडक्याला लागू लागला, तेव्हा पुसणं सोडलं. त्याच फडक्यानं खडूची रेघ पुसली आणि पुस्तक खोलीच्या मधोमध जमिनीवर उघडून ठेवलं.

पोरांची झुंबड उडाली. कुणाच्या हाताला गूळ होता, कुणाच्या हाताला विहारापुढची माती. कुणी टोपीवर बोट ठेवलं, कुणी कोंबडीचा मुका घेतला. दिवाळी यायच्या आत पुस्तक इतकं मळलं, की त्यात थुंकीचे डाग कुठले आणि पोरांचे कुठले, ते ओळखू येईना. सुलाबाईंनी तो मळ कधी पुसला नाही.