आठ माणसांची घरगाडी

वरखालीकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण माणसाने तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली, की शेजारी दुसरं काय म्हणणार? या तीस वर्षांत हा गृहस्थ लाखभर मजले चढला आणि तेवढेच उतरला. पुढे मात्र वीतभरही सरकला नाही.

म्हणूनच त्यांची स्वप्नं आडवी असत. लिफ्टच्या डब्याच्या डोक्यावर बसून, काळोख्या उभ्या बोगद्यात तारेला ग्रीस लावता लावता त्यांना माळ दिसायचा. पिवळं गवत, पलीकडे पाणी, पाण्याकाठी चाकांवरचं एक घर, दारात बायको आणि छतावर पाय सोडून बसलेली मुलगी. गवत हलायला लागायचं, तेवढ्यात खालून कुणीतरी बटण दाबून ओरडायचं, "अहो काका, झालं का?" की माळ गुल!

मुलगी सात वर्षांची असताना तिने विचारलं होतं, "बाबा, आपण पुढे कधी जायचं?" तेव्हा काका म्हणाले होते, "जाऊ गं." आता ती तेवीस वर्षांची झाली होती आणि येत्या सोमवारी दूरच्या शहरात नोकरीला निघणार होती. म्हणजे माळासाठी उरले शनिवार आणि रविवार.

घरगाडी तयार होती. दोन वर्षांपूर्वी काकांनी ती जुनी घेऊन इमारतीच्या अंगणात आणली, तेव्हा फाटकावरच्या कमानीखालून ती अलगद आत आली होती. मग काका तिच्या नादी लागले. मागच्या बाजूला खेचलं की बाहेर येणारं स्वयंपाकघर केलं, पाण्याची टाकी बसवली, चार बिछाने केले. दगडधोंड्यांच्या वाटेने जायचं म्हणून जाडजूड टायर आणि उंच स्प्रिंगा घातल्या. आत, दाराशेजारी, मोडीत निघालेल्या एका लिफ्टची पितळी पाटी हौसेने ठोकली. 'क्षमता आठ माणसे'. बायको त्या गाडीला 'तुमची बया' म्हणे आणि सवतीकडे पाहावं तसं पाही. पडदे मात्र तिनेच शिवले होते.

शनिवारी सकाळी मेहुण्याने आपली जीप पुढे जोडली. गाडी डौलात निघाली आणि कमानीपाशी येऊन थबकली. छत दोन बोटं वर होतं.

काकांचा जीव वरखाली झाला.

"जगाच्या लिफ्टा वर नेता," बायको म्हणाली, "आणि स्वतःची गाडी फाटकात अडकवता! टायर घालताना मोजलं नाहीत?"

"मोजलं होतं गं. आत आणताना."

"दाजी, कमान फोडू का?" मेहुण्याने उत्साहाने विचारलं. त्याला फोडण्याची कामं मनापासून आवडत.

टायरांतली हवा काढली. एक बोट गेलं, एक उरलं. काका आत जाऊन बिछान्यावर बसले. समोर पितळी पाटी चमकत होती. ती त्यांनी एकदा वाचली, दोनदा वाचली आणि उडी मारून बाहेर आले.

"माणसं भरा!"

"काय?"

"वजन पडलं की स्प्रिंगा बसतात! आठ माणसं लागतील. चला, वर या सगळे!"

गॅलऱ्यांतून फुकटची गंमत पाहणारे खाली उतरले. बायको चढली. बेकरीवाला पोट सावरत म्हणाला, "मला दोन धरा." तिसऱ्या मजल्यावरचे काटकुळे मास्तर म्हणाले, "मी चढलो काय अन् न चढलो काय!" तरी मास्तरीणबाईंनी त्यांना आत ढकललं आणि मागोमाग स्वतः गेल्या. दोन वर्षं अबोला धरलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या बहिणी एकाच बिछान्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

काका डोळा बारीक करून फट पाहत होते. "सात झाली. अजून केसभर हवं. आठवं कोण?"

"मी आहे ना," म्हणत मुलगी आत शिरली.

गाडी तेवढीच दबली. जीप गुरगुरली आणि सगळी वरात कमानीखालून सुळकन बाहेर पडली. टाळ्या झाल्या. माणसं उतरली आणि मोकळी झालेली बया पुन्हा ताठ उभी राहिली.

टायरांत हवा भरता भरता मेहुणा म्हणाला, "दाजी, उद्या आत न्यायला पुन्हा आठ लागणार. आणि पुढच्या खेपेला हो? भाची तर नसेल."

काकांनी वाकून स्प्रिंगा पाहिल्या. मग त्यांनी पाना उचलला. "काढतो या उंच स्प्रिंगा. तासाभराचं काम आहे."

मुलीने त्यांच्या हातातला पाना घेतला. "राहू द्या, बाबा."

"अगं, पण मग तुझ्याशिवाय ही हलायची नाही."

"तेच म्हणते मी. सुट्टीला येईन, तेव्हा गाडी बाहेर काढू."

"वजन कमी करशील तिकडे," बायको तोंड फिरवून म्हणाली, "तर याद राख."

काकांनी पाना पेटीत ठेवला.

दुपार कलताना माळ आला. पाणी स्वप्नातल्याइतकं निळं नव्हतं, गवत मात्र तेवढंच पिवळं होतं. दारात बायको मेहुण्याला ओरडत होती. मुलगी छतावर पाय सोडून बसली होती. काका गवतात पाठ टेकून पडले आणि सवयीने वाट पाहत राहिले.

पण खालून कुणी बटण दाबलं नाही.