मावशीच्या खाजेची वाटणी

माझ्या मावशीइतकी लोकशाहीवादी कातडी उभ्या जालना जिल्ह्यात दुसऱ्या कुणाची नसेल. हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहिते आहे. मावशीला सोरायसिस आहे, आणि तो माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. दोन्ही कोपर, दोन्ही गुडघे, कमरेचा घेर, केसांची कड, कानामागची जागा, एवढा मुलूख लाल चट्ट्यांच्या ताब्यात. त्यावर चांदीच्या वर्खासारखे पापुद्रे आणि त्याखाली खाज. ही खाज पाहुणे आल्यावर, आरती चालू असताना आणि दोन्ही हात कणकेत असताना हटकून येते. दुसरी एखादी बाई हा सगळा कारभार एका डॉक्टरच्या हवाली करून मोकळी झाली असती. मावशीनं तो गावात वाटून दिला. कारण तिला कुणालाही नाही म्हणता येत नाही, आणि परतूरच्या तिच्या गल्लीत रोग एकालाच असला तरी औषध प्रत्येकाकडे आहे. मग तिनं नियम केला की जो औषध सांगेल त्याला एक चट्टा. उजवा कोपर नणंदेचा, तिथं करंजाचं तेल. डावा कोपर शेजारच्या मास्तरीणबाईंचा, तिथं त्यांनी मोबाइलवरून मागवलेलं सोनेरी झाकणाचं क्रीम; त्याच्या डबीवर हसणाऱ्या बाईला आयुष्यात कधी डासही चावला नसावा. कमरेचा घेर मोठा, म्हणून त्याचे तीन वाटे केलेले: कडुलिंब, मुलतानी माती आणि कुणाच्या तरी मेहुण्यानं डोंगरातून आणलेली एक पूड, जिचा डोंगर आजवर कुणी सांगितलेला नाही. आणि उजवा गुडघा जावयाचा.

जावयाचा गुडघा हे प्रकरण नाजूक होतं. माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्यानं लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत सासूबाईंना तुरटी आणि ताकाचा लेप सुचवला. जावयाचा शब्द आणि तोही पहिला, म्हणून मावशीनं त्याला सगळ्यात मानाची जागा दिली. तो येणार असला की आदल्या दिवशी लेप लागायचा, आणि जेवण झाल्यावर जावईबापू चष्मा लावून गुडघ्याची पाहणी करायचे. मी एकदा समोरच होते. सासूबाईंना म्हणाले, "फरक वाटून राह्यला, आत्याबाई." मावशी म्हणाली, "वाटणारच ना. तुमचा हात गुणाचा." जावई गेल्यावर तिनं तोच गुडघा दाराच्या चौकटीला पाच मिनिटं घासला. मी चिडून विचारलं की खोटं कशाला बोललीस. ती म्हणाली, "गुडघा माझा हाये गं, पन लेक त्याच्या घरी हाये."

उन्हाळ्यात ऊन अंगावर पडलं की सोरायसिस बऱ्याचदा आपोआप मवाळ होतो. हे डॉक्टर सांगतात, मी ज्या अंधश्रद्धाविरोधी गटात काम करते त्याच्या पत्रकातही छापलेलं आहे. पण मे महिन्यात मावशीचे चट्टे फिके पडले की गल्लीतले सगळे वाटेकरी आपापल्या तुकड्याचं श्रेय घ्यायला हजर व्हायचे. नणंद म्हणायची करंज, मास्तरीणबाई म्हणायच्या क्रीम, आणि दोघींत आठ-आठ दिवस अबोला. थंडीत सगळं दुप्पट जोमानं उसळलं की यातला एकही जण तोंड दाखवायचा नाही. याला मी भोंदूगिरी म्हणते. मावशी म्हणते, "थंडीत कोन बाहेर निघतंय, माय."

तिनं करून पाहिलं नाही असं या जगात काही शिल्लक नाही. बाजारातल्या एका माणसानं आठ दिवसांत साफ होण्याची हमी देऊन एक बिननावाची ट्यूब दिली. आठव्या दिवशी चट्टा खरंच साफ. गल्लीनं पेढे खाल्ले. नवव्या दिवशी तो परत आला, आणि येताना नातेवाईक घेऊन आला. मी ती ट्यूब नाचवत तासभर भाषण केलं, की यात न सांगता तेज औषध घातलेलं असतं, कातडी पातळ होते, हा गुन्हा आहे. मावशी शांतपणे म्हणाली, "मलम इमानदार होतं बिचारं. आठ दिवस म्हन्लं, आठ दिवस राह्यलं." मग डांबराचा शाम्पू आला. तो बराच उपयोगी असतो हे मान्य करायला हवं, पण ती तो लावून एसटीत बसली तेव्हा मागच्या बाकावरच्या आजोबांनी कंडक्टरला विचारलं, "रस्त्याचं काम कुठं चालू हाये?" मावशी वळून म्हणाली, "माझ्या डोक्यावर. पावसाळ्याच्या आत होईल."

एकदा बांगड्यांचा माल घ्यायला जालन्याला आलेली असताना, तिथल्या मस्तगड भागात मला भेटायच्या आधी, ती एका ब्यूटी पार्लरमध्ये शिरली आणि फेशियल मागितलं. खुर्चीत बसून तिनं साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. पार्लरवाली मुलगी घाबरून म्हणाली, "काकू, फेशियल चेहऱ्याचं असतं." मावशी म्हणाली, "चेहरा चांगलाच हाये की माझा. जिथं बिघडलं तिथं लाव." आणि त्या मुलीनं लावलं. गुडघ्याला पपईचा लेप, वरून गुलाबपाणी आणि बर्फ. मावशीच्या मते त्या दिवशी खाज संध्याकाळपर्यंत आली नाही; एवढी बडदास्त पाहून ती लाजली असावी.

शेवटी मी तिला जवळपास ओढतच त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सरळ सांगितलं. हा संसर्ग नाही, पाप नाही, आंबट खाल्ल्यानं झालेला नाही. पूर्ण जात नाही, पण आटोक्यात राहतो. हे मलम लावा, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं व्हॅसलीन लावा, गरज पडली तर प्रकाशाचे उपचार आहेत. मला वाटलं, झाली क्रांती. महिन्यानं गेले आणि विचारलं, मलम लावतेस ना? "लावून राह्यले की. कानामागची जागा दिली तुझ्या डॉक्टरीणबाईला." अख्ख्या आधुनिक वैद्यकशास्त्राच्या वाट्याला कानामागची जागा. मी म्हणाले की हा विज्ञानाचा अपमान आहे. ती म्हणाली, "रागावू नको. बाकीच्या जागा गेल्त्या. कोनाची काढून देऊ?"

आता तिच्या धंद्याविषयी लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं, आणि ते माझ्या हातून झालं. मावशी बांगड्या भरते. विकते असं म्हटलेलं तिला खपत नाही. विकायला दुकानं आहेत, भरणं वेगळं. कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात लिंबाच्या झाडाखाली तिची जागा ठरलेली. बाई समोर बसते, हात पुढं करते, मावशी तो आपल्या मांडीवर घेते, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघते आणि न विचारता माप काढते. मग काचेची बांगडी अशी चढते की हाताला कळत नाही. भरून झालं की बाई बांगड्यांना आणि मावशीला नमस्कार करते, मावशी एखादी बांगडी वरकड घालते. पण या सगळ्यात तिचं खरं काम चालतं ते हात धरलेला असताना. हात दाबता दाबता ती म्हणते, "अंगात रक्त न्हाई तुझ्या," किंवा "सासूनं पान्याची मोटर बसवली न्हाई वाटतं अजून." आणि बाया बोलू लागतात. ज्या बाईला घरी दिवसभरात कुणी हात लावत नाही, ती मावशीकडे पाऊण तास बसते. कोपर झाकायला मावशी लांब बाह्यांचं पोलकं घालते, आणि बोटांच्या पेरांवरचे दोन-तीन चट्टे कुणी पाहिलेच तर लाखेचं काम करून चटके बसले असं सांगते. गल्लीला तिचा आजार ठाऊक होता. बाजाराला नव्हता.

मी आणि माझे सोबती गावोगाव पत्रकं वाटतो. डॉक्टरीणबाईंकडे गेलो त्याच साली मी एक पत्रक लिहिलं. मथळा: 'पाप नव्हे, शाप नव्हे, संसर्गही नव्हे.' चांगलं पत्रक होतं, आजही एक अक्षर मागं घेणार नाही. एकाच परिच्छेदाचा अपवाद. पत्रकात जिवंत उदाहरण हवं, असं आमच्याकडं शिकवतात. म्हणून मी नाव न घेता लिहिलं की याच तालुक्यातल्या एका बाजारात बांगड्या भरणाऱ्या एक मावशी कित्येक वर्षं हा आजार घेऊन हजारो हातांना स्पर्श करत आल्या आहेत, आणि कुणालाही काही झालेलं नाही. याहून बिनतोड पुरावा कोणता असणार? नाव न छापल्यामुळे गुप्तता पाळली गेली असं मी खरोखर समजत होते. कुंभार पिंपळगावच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या मावशी किती, हे मोजायचं माझ्या ध्यानात आलं नाही. एकच होती. आणि मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन तिच्याच शेजारी उभी राहून ती वाटली.

मावशीनं चष्मा लावून पत्रक पूर्ण वाचलं. घडी घातली. म्हणाली, "लई चांगलं लिव्हलं. फक्त बांगड्याच्या जागी भाजी लिव्हली असती तरी चाललं असतं."

तेवढ्यात समोर बसलेल्या बाईचा हात हळूच मांडीवरून मागं गेला. भांडण नाही, शिवी नाही. ती म्हणाली, "मावशी, गडबड हाये आज. द्या बांधून, मी घरीच भरते." तिच्यामागची म्हणाली, "मला बी द्या." मी तिथंच भाषण सुरू केलं. संसर्ग नाही, शंभर टक्के नाही, मी स्वतः तिच्या ताटात जेवते. बायांनी माना डोलावल्या, सगळं पटलं म्हणाल्या, आणि बांगड्या बांधून घेतल्या. रद्दी संपली तेव्हा मावशीनं माझ्याकडचा गठ्ठा मागून घेतला आणि काच फुटू नये म्हणून माझ्या पत्रकांत बांगड्या गुंडाळून दिल्या. आमची पत्रकं एरवी बसस्टँडच्या पुढं जात नाहीत. त्या दिवशी ती घराघरांत गेली.

पुढं कित्येक बाजार असेच गेले. मी दर बाजाराला जाऊ लागले, पेट्या उचलायला म्हणून. एकदा डबा खाताना मी विचारलं की धंदा बसला का. मावशी भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाली, "धंदा बराबर होऊन राह्यला. हात येऊन न्हाई राह्यले."

गावातल्या एका मोठ्या घरच्या बाईंनी तर सुतळीला गाठ मारून मनगटाचं माप पाठवलं. मावशीनं ती सुतळी मांडीवर ठेवली, अंगठ्यानं दाबून बघितली, आणि मग तिचं तिलाच हसू आलं. त्याच आठवड्यात तिनं सगळ्या वाटेकऱ्यांचे वाटे काढून घेतले. नणंदेचा कोपर, मास्तरीणबाईंचा कोपर, जावयाचा गुडघासुद्धा. सगळीकडं डॉक्टरीणबाईंचं मलम. मी कितीतरी महिने ज्यासाठी भांडत होते ते असं झालं, आणि मला बिलकुल आनंद झाला नाही. पेरांवरचे चट्टे जाऊन हात परत यावेत एवढ्यासाठीच ती ते लावत होती. चट्टे थोडे निवळले. हात आले नाहीत.

एका बाजाराच्या दिवशी दुपारी एक बाई आली. चाळिशीची असेल. साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट, रानात जाताना घालतात तसा, पण गुंड्या मनगटापर्यंत लावलेल्या. हातात चोळामोळा झालेला कागद, त्यावर माझा मथळा. म्हणाली, "बांगड्या भरनाऱ्या मावशी त्या तुमीच का? जावेनं बांगड्या आनल्या, तिच्या कागदात वाचलं."

मी पुढं होऊन काहीतरी सांगणार होते. मावशीनं डोळ्यानंच मला बसवलं आणि बाईला म्हणाली, "हात."

बाईनं एक गुंडी काढली, इकडंतिकडं पाहिलं, मग दुसरी काढली. मनगटापासून वर सगळा हात चट्ट्यांनी भरलेला. खाली बघत म्हणाली, "लेकीचं लगीन हाये. घरी कासार आल्ता. सगळ्या बायांचे हात भरले त्यानं. माझ्या बांगड्या चौरंगावर ठेवून गेला."

मावशीनं तो हात मांडीवर घेतला. अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघितलं. "कापूस येचून येचून हात कडक करून ठिवला. किती दिस झाले काच घालून?"

"ध्यानात न्हाई."

हिरव्या बांगड्या एकेक करून चढू लागल्या. मावशी एरवी बोलता बोलता डझनभर भरून मोकळी होते. त्या दिवशी फार सावकाश भरत होती. मध्येच बाई थबकली, ओशाळली, आणि दुसऱ्या हातानं दंड खाजवू लागली. मावशी म्हणाली, "खाजव, खाजव. मी थांबते." आणि तेवढ्यात तिनं स्वतःचाही कोपर खाजवून घेतला. दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. मावशीनं विचारलं, "तू काय काय लावलं?" बाई म्हणाली, "काय लावलं न्हाई ते इचारा." आणि मग करंज, ताक, आठ दिवसांची ट्यूब, असं सगळं एकेक निघत गेलं. शेवटी मावशीनं डॉक्टरीणबाईंचा कागद पिशवीतून काढून तिच्या ओटीत घातला.

बाजारातल्या काही जुन्या बाया नंतर परतल्या, काही परतल्या नाहीत. मोठ्या घरची सुतळी अजून येते. त्या दुपारी मात्र मागं दोघी-तिघी येऊन उभ्या होत्या, घाई आहे म्हणत होत्या. बाईच्या दोन्ही हातांत बांगड्या भरून झाल्या. तिनं बांगड्यांना नमस्कार केला, मावशीला केला. मावशीनं वरकड एक चढवली. आता हात सोडायचा असतो. मावशीनं तो सोडला नाही, अंगठ्यानं नुसता दाबत राहिली, आणि बाईनंही तो ओढून घेतला नाही.