डाव्या बाहीचं अस्तर

मी नर्स आहे, हे आधीच सांगून टाकते. बारा वर्षांत माणसं जन्मताना पाहिली, जाताना पाहिली, आणि सकाळी ज्या खोलीत पेशंट गेला त्याच खोलीत दुपारी बसून डबाही खाल्लाय. आमच्या घरात धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या आहेत. उतारा, अंगात येणं, दृष्ट काढणं... आमच्याकडं यातलं काहीच चालत नाही. सासूबाईंनी एकदा गुपचूप लेकरावरून मीठ-मिरच्या ओवाळल्या, तर मी त्यांच्याशी दोन दिवस नीट बोलले नव्हते. या ग्रुपवरचे अनुभवसुद्धा मी करमणूक म्हणूनच वाचायचे. त्यामुळं आज स्वतःचं लिहिताना कसंतरीच होतंय. पण आता नाही लिहिलं तर मला वेड लागेल.

आम्ही राहतो कळमनुरीला, जिल्हा हिंगोली. मी एका आरोग्य केंद्रात कंत्राटी आहे — दर अकरा महिन्यांनी ऑर्डर संपते, परत निघते, तोवर जीव टांगणीला. माझे मिस्टर, मिलिंद, वारंगा फाट्यावर गॅरेज चालवतात. ट्रक, ट्रॅक्टर, जे येईल ते. आम्हाला एकच मुलगी, सम्यका. ही गोष्ट घडली तेव्हा ती सात वर्षांची होती, दुसरीत.

एका मैत्रिणीनं मला जाहिरात पाठवली. अंदमानातल्या एका लहान बेटावरच्या दवाखान्यात नर्सची कायम जागा, राहायला क्वार्टर. बेटाचं आणि दवाखान्याचं नाव देत नाही, त्यांचा यात काडीचा दोष नाही. गंमत म्हणून अर्ज केला, मोबाईलवरच इंटरव्ह्यू झाला, आणि पंधरा दिवसांत निवड झाल्याचा फोन आला. विचार करायला त्यांनी महिन्याची मुदत दिली.

तो महिना आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आधी मला वाटलं मिलिंद नाहीच म्हणतील, पण ते माझ्याही आधी तयार झाले. म्हणाले, बोटीला बी डिझेलचंच इंजिन असते, तिथं बी ते बिघडतच असंल. घरमालकानं नकाशा काढून आम्हाला तो ठिपका दाखवला आणि म्हणाला, एवढ्याशा जागेवर माणूस मावतो तरी का. माझी आई रडली. सासूबाई हट्ट्याला राहतात, वसमत तालुक्यात. त्यांनी आयुष्यात समुद्र बघितलेला नाही. त्या शांतपणे सगळं ऐकून घेत होत्या. शेवटी एकच विचारलं.

"इथं कुणी मेलं-बिलं तर तुमाला यायला किती दिवस लागतेत?"

तेवढा एक हिशेब आम्ही केलाच नव्हता.

मग मिलिंद म्हणाले, असं घरी बसून काय ठरवणार, डोळ्यांनी बघून येऊ. सम्यकाला हट्ट्याला ठेवलं आणि आम्ही निघालो. नांदेडहून रेल्वेनं हैदराबाद, तिथून विमानानं पोर्ट ब्लेअर आणि पुढं बोट. बोटीत मी सबंध रस्ता पिशवीत तोंड घालून बसले होते. मिलिंद मात्र इंजिनच्या खोलीत घुसले ते उतरायच्या वेळीच बाहेर आले, हात काळे, चेहरा एकदम खुश.

खरं सांगू का... बेट आवडलं. आमच्याकडं उन्हाळ्यात शेतं कशी उघडी पडतात. तिथं माती दिसायलाच तयार नाही, जिकडं बघावं तिकडं हिरवं. दवाखाना सहा खाटांचा, स्वच्छ. मेट्रन केरळच्या, बोलायला कडक पण मनानं चांगल्या वाटल्या. क्वार्टर दोन खोल्यांचं, मागं नारळाची झाडं. दुसऱ्या दिवशी आम्ही शाळा बघून आलो. पोरी पांढरा शर्ट, हिरवा स्कर्ट घालून रांगेत चालल्या होत्या. मोठ्या बाई म्हणाल्या, जागा आहे, कधीही घेऊन या. आम्ही नुसतं "लडकी है, दूसरी में" एवढंच सांगितलं. नाव त्यांनी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. ही गोष्ट महत्त्वाची आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

त्या संध्याकाळी आमचं जवळजवळ ठरलं होतं. क्वार्टरमध्ये मिसळणाचा डबा कुठं ठेवायचा इथपर्यंत माझं मनातल्या मनात झालं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही तिथल्या बाजारात गेलो. बाजार म्हणजे काय, पंधरा-वीस दुकानं. लख्ख ऊन. मी टॉवेल घ्यावा म्हणून रेंगाळले, आणि शेजारच्या टेलरच्या दुकानातून हाक आली.

"दीदी, आपका कपड़ा कब से तैयार है. आप आईं ही नहीं."

साठीच्या आसपासचे गृहस्थ, बोलण्यावरून बंगाली, नाकावर चष्मा, गळ्यात टेप. मी मागं वळून पाहिलं, वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणत असतील. मागं कुणीच नव्हतं. मी हसून म्हटलं, काका, मी इथली नाही, परवाच आलेय. तेही हसले, जशी काही मी चेष्टाच करतेय. आणि आत जाऊन त्यांनी कागदात बांधलेलं एक पुडकं आणलं. त्यावर स्केच पेननं हिंदीत लिहिलेलं होतं — 'सम्यका की मम्मी, नर्स'.

सम्यका हे नाव घराघरात नसतं हो. आमच्या तालुक्यातसुद्धा मी दुसरी सम्यका पाहिलेली नाही.

मिलिंदनी पुडकं सोडलं. पांढरे दोन शर्ट, हिरवे दोन स्कर्ट. त्यांनी शर्ट उंच धरून पाहिला आणि म्हणाले, "हा तर मोठा हाय. आपल्या पोरीला दोन-तीन वर्षानं येईल."

टेलरना मराठी कळत नव्हतं, पण हातवाऱ्यावरून कळलं असावं. म्हणाले, "बराबर नाप का है, साहब. बच्ची यहीं खड़ी थी." आणि माझ्याकडं वळून, "बाईं आस्तीन देख लीजिए, जैसा आपने बोला था."

मी डावी बाही हातात घेतली. ती उजवीपेक्षा इंचभर सैल होती. उलटी करून पाहिली... तर आतून कोपराच्या जागी मऊ सुती कापडाचं गोल अस्तर शिवलेलं.

आता या अस्तराचं कारण सांगायला पाहिजे. सम्यका चार वर्षांची असताना उभ्या ट्रॉलीवरून पडली आणि तिचा डावा कोपर मोडला. हाड जरा वाकडं जुळलंय, तिथं टोक वर येतं. शाळेच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत येते, ती घासून घासून तिथं जखम व्हायची. म्हणून मी स्वतःच डोकं चालवून ही युक्ती काढली होती — डावी बाही इंचभर ढिली आणि आतून जुन्या मऊ धोतराचं गोल अस्तर. कळमनुरीतल्या आमच्या टेलर ताई सोडल्या, तर जगात हे कुणालाही माहीत नाही. मिलिंदनासुद्धा धड माहीत नव्हतं.

त्या गृहस्थांनी मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग मिलिंदकडं बघून सहज विचारलं, "आपके भाई हैं?"

मी म्हटलं, "मेरे मिस्टर हैं."

त्यांनी चष्मा काढला. एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा मिलिंदकडं, आणि कापडाच्या घड्या घालायला लागले. मिलिंदनी विचारलं, काय झालं. ते घड्याच घालत राहिले. मिलिंदनी परत विचारलं, जरा चढ्या आवाजात.

"दीदी बोली थीं," ते हळू आवाजात म्हणाले, "कि अब हम माँ-बेटी ही हैं. इसी स्टूल पे बैठ के रोई थीं."

मी त्या स्टुलावरून ताडकन उठले. पुढचं मला नीट आठवत नाही. रस्त्यावर आले होते एवढं आठवतं.

मिलिंद मात्र मागं थांबले. त्यांनी टेलरची वही मागून घेतली. माप लिहिलेलं होतं, नाव होतं, आणि त्या बाई महिन्यापूर्वी आल्या होत्या असं टेलर ठामपणे सांगत होते. महिन्यापूर्वी मी लसीकरणाच्या कामात गावोगाव फिरत होते. हजेरीपटावर रोजची सही आहे, शंभर माणसांनी मला पाहिलंय. मग मिलिंद दवाखान्यात जाऊन मेट्रनना भेटले. याआधी कुणी मराठी नर्स आली होती का, राहिली होती का? त्या म्हणाल्या, कधीच नाही. बंदरावर विचारलं. छोटं बेट ते, नवीन माणूस आलं की सगळ्यांना कळतं. मायलेकींची अशी जोडी कुणी पाहिलेली नव्हती. पाहिली होती ती एकट्या टेलरनी.

लॉजवर मी सामान भरायला घेतलं. मिलिंद दुपारभर मला समजावत होते. कुणीतरी चेष्टा केली असंल, म्हातारा माणूस हाय, चुकत असंल. मी म्हटलं, आणि अस्तर? त्यावर ते उठले. मग खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"मरायचं असंल तर माणूस फाट्यावर बी मरतो," ते म्हणाले. "त्याच्यासाठी कायमची नोकरी सोडून राहिलीस का तू?"

मी होय म्हटलं. त्या क्षणी मला नोकरी, क्वार्टर, काही काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोटीच्या आधी ते एकटेच बाहेर गेले आणि ते पुडकं घेऊन आले. मला ते नको होतं. ते म्हणाले, आपल्या लेकराच्या नावाची वस्तू लोकाच्या दुकानात काहून ठेवायची. मला नाही म्हणता आलं नाही. घरी येऊन मी ते कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर टाकलं आणि दवाखान्याला नकार कळवून टाकला. लोकांना सांगितलं, हवा मानवली नाही.

या गोष्टीला आता अडीच वर्षं झाली. मी अजून कंत्राटीच आहे. मिलिंदनी एका शब्दानं मला टोचलेलं नाही, पण ऑर्डर संपायची वेळ आली की ते माझ्याकडं बघत नाहीत, हे मला कळतं.

खरं कारण आता लिहिते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. मागच्या महिन्यात मी घरी नसताना सम्यकानं खुर्ची लावून कपाट उचकलं. मी ड्युटीवरून आले, तर पोरगी आरशासमोर उभी — पांढरा शर्ट, हिरवा स्कर्ट. बोटभरसुद्धा इकडंतिकडं नाही. खांदा खांद्यावर, बाही बरोबर कोपरावर. जणू आज सकाळीच माप घेतलंय. हात वाकवून म्हणाली, "आई, हा टोचत न्हाई गं. कुणाचा हाय?"

मी तो तिच्या अंगावरून इतक्या घाईनं ओढून काढला की एक बटण तुटलं.

आणि त्यानंतर चौथ्या दिवशी अंदमानहून फोन आला. त्याच मेट्रनचा. जागा परत रिकामी झालीय, तुमची अजून इच्छा आहे का? मी नाही म्हटलं आणि फोन बंद करून ठेवला.

ही अडीच वर्षं मी स्वतःला समजावत होते की तिथं गेलो असतो तर मिलिंदना काहीतरी झालं असतं, आणि न जाऊन मी त्यांना वाचवलं. आता मला ते खरं वाटत नाही. टेलर म्हणाले होते, बाई रडल्या, अब हम माँ-बेटी ही हैं. मिस्टर बेटावर वारले असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या. ते इथंच वारले असतील, आणि मग ती बाई लेकराला घेऊन, मिळेल ती नोकरी धरून, एकटीच निघून गेली असेल तर? मग मी नाही म्हणून काय अडवलं?

मी नर्स आहे. कारण सापडलं नाही की आम्ही कागदावर तसं लिहितो आणि पुढच्या पेशंटकडं जातो. इथं मला पुढं जाता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला यातलं काही कळत असेल तर सांगा. फक्त शांती करा, गंडा बांधा असलं काही सांगू नका, ते आमच्याकडून होणार नाही.

माझ्या हातात आहे तेवढं मी करते. रोज तीन वेळा वारंग्याला फोन लावते. पहिल्या रिंगला उचलला नाही तर माझ्या कानात दडे बसतात. मग पलीकडून ट्रकचा आवाज येतो, पान्हा खाली ठेवल्याचा आवाज येतो, आणि मी काही विचारायच्या आधीच मिलिंद म्हणतात, "जित्ता हाय," आणि फोन ठेवून देतात.