कंपनी फिटिंग

माझे भाऊजी कवळ्या करतात. डेंटिस्ट नव्हेत. डेंटिस्ट पेशंटच्या तोंडात हात घालतो, बिल करतो आणि भिंतीवर प्रमाणपत्र लावतो. भाऊजी तिथून दोन गल्ल्या सोडून एका खोलीत, प्लास्टरच्या साच्यावर मेणात एकेक दात बसवत असतात. कवळी तयार झाली की डबीत बसून डेंटिस्टकडे जाते आणि तिथून पुढे ती डेंटिस्टची होते. म्हातारी माणसं आरशात बघून खूश होतात, "डॉक्टरांचा हात काय आहे हो" म्हणतात. डॉक्टरही लाजून मान खाली घालतात, जणू रात्रभर मेण त्यांनीच कोरलं. भाऊजींनी केलेल्या दातांनी अर्धं गाव जेवतं आणि भाऊजींना ओळखणारा एक दूधवाला सोडला तर कुणी नाही.

या धंद्यातली त्यांची एक खासियत आहे, ती आधीच सांगून ठेवतो. सगळे दात सुतासारखे सरळ बसवले की ती कवळी आहे हे लांबूनही कळतं. म्हणून भाऊजी समोरचा एखादा दात किंचित वाकडा बसवतात, एखाद्याची कड घासतात. चुकवायचं कुठे हे ज्याला कळतं त्यालाच कवळी जमते, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, चुकीचं इतकं कौतुक असणारा माणूस लग्नाला योग्यच असतो. आमच्या ताईचं मत वेगळं आहे.

तर या माणसाने पन्नाशी ओलांडल्यावर एक स्पोर्ट्स कार घेतली. दोन माणसांची, कापडी छपराची, कंपनी केव्हाच बंद पडलेली. कुणाला पन्नाशीत गुडघेदुखी होते, भाऊजींना गाडी झाली. आता या गाडीत दोन जाती आहेत. सुरुवातीच्या गाड्यांना पुढे-मागे नाजूक चकचकीत क्रोमचे बंपर होते. मग ज्या देशात त्या सगळ्यात जास्त खपायच्या तिथल्या सरकारने अपघाताचा नवा नियम काढला, आणि कंपनीने नंतरच्या गाड्यांना काळ्या रबराचे जाडजूड बंपर चिकटवले. बंपर नियमातल्या उंचीवर यावा म्हणून सबंध गाडीच उचलून उंच केली. तोंडावर बुक्की बसून ओठ सुजलेला माणूस टाचा उंच करून उभा राहिला तर जसा दिसेल, तशा त्या गाड्या दिसतात. भाऊजींची गाडी अर्थातच नंतरची. आधीची परवडणारा माणूस कवळ्या करत बसत नाही.

या गाड्यांचा एक क्लब आहे. वर्षातून एकदा सगळे एका मैदानात जमतात, एकमेकांच्या गाड्यांचं बॉनेट उघडून आत बघतात आणि गंभीर चेहऱ्याने मान हलवतात. क्रोमवाल्या गाड्या पहिल्या रांगेत, झाडांच्या सावलीत. रबरवाल्यांना तिथे 'काळतोंड्या' म्हणतात आणि त्यांची रांग सगळ्यात मागे, स्वच्छतागृहाला लागून. क्लबचे अध्यक्ष म्हणजे एका फरशीच्या दुकानाचे मालक. त्यांना मागच्या रांगेत कोण उभं असतं हे ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं, कारण त्यांच्या बंगल्यातून ते पोट रिकामं करूनच निघत. गाडीचे कागद ते बघत नसत. नुसती गाडी बघून साल सांगत, आणि या विद्येचा त्यांना फार अभिमान.

भाऊजी चार वर्षं त्या वासात उभे राहिले. एकदा मी बरोबर गेलो होतो. परत येताना ते गाडी चालवता चालवता म्हणाले, "मला एकदा त्या पहिल्या रांगेत उभं राहायचंय. आणि कुणीतरी विचारायला हवं, हे काम कुणी केलं म्हणून. बस, एवढंच. पुढे काही नको." आयुष्यभर दुसऱ्याच्या नावावर दात खपवलेल्या माणसाला हे वाटणं मला समजलं. समजलं म्हणून मी गप्प बसलो, आणि तिथेच फसलो. कारण पुढच्या रविवारपासून "धर रे जरा" ही हाक माझ्या नशिबी आली.

बंपर बदलायचे म्हणजे चार नट काढायचे आणि चार लावायचे, असं मला वाटलं होतं. ताईलाही तेच सांगण्यात आलं होतं. पण रबराच्या आत लोखंडाचा तुळईएवढा पट्टा निघाला. तो काढताना माझी कंबर धरली ती अजून सुटलेली नाही. तो निघाल्यावर कळलं की पुढचे इंडिकेटर त्या रबरातच होते. म्हणजे आता दिव्यांसाठी पत्र्याला भोकं पाडायची. मागच्या बाजूला रबराने झाकलेला पत्रा कंपनीने अर्धवटच सोडला होता, म्हणजे तिथे तुकडे वेल्ड करायचे. वेल्डिंग झालं म्हणजे रंग आला. रंग द्यायचाच तर जुन्या गाड्यांचा फिका हिरवाच का देऊ नये? आणि एवढं करून गाडी टाचांवर उभीच, म्हणजे स्प्रिंगा बदलून ती खाली आणायची. मारुतीचं शेपूट वाढावं तसं काम वाढत गेलं. भाऊजी मात्र दिवसेंदिवस तरुण दिसायला लागले. माणूस जितका तेलकट, तितका सुखी, हे त्या गॅरेजमध्ये मी डोळ्यांनी पाहिलं.

क्रोमचे बंपर भंगारवाल्याकडून आले, वाकलेले आणि गंजलेले. ते ठोकून सरळ करून पुन्हा मुलामा देऊन घेतले. प्रश्न राहिला, दिवे नेमके कुठे बसवायचे? दुसरा माणूस टेप लावतो. भाऊजी पडले कवळीवाले. क्लबच्या मेळाव्यात ते अध्यक्षांच्या गाडीजवळ गेले, "फडक्याने पुसून देऊ का?" म्हणाले. अध्यक्षांना हे स्वाभाविकच वाटलं. पुसता पुसता भाऊजींनी दाताचं माप घ्यायचा तो गुलाबी लगदा दिव्याभोवती दाबला, तो घट्ट होईपर्यंत पुसत राहिले आणि हळूच काढून डब्यात ठेवला. दोन्ही बाजूंचं माप घेतलं. घरी साचा ओतला तेव्हा लक्षात आलं की अध्यक्षांच्या गाडीचा डावा दिवा उजव्यापेक्षा केसभर खाली आहे.

"मग आपण सरळ बसवू," मी म्हणालो.

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते कवळीतला वाकडा दात परस्पर घासून सरळ करणाऱ्या डेंटिस्टकडे पाहत असतील. "मुळीच नाही. कंपनीत कुणी टेप घेऊन बसलेलं नव्हतं. डावा खालीच जाणार."

ताई या सगळ्याकडे दारातून बघायची. चहा आणून ठेवायची, तो गार व्हायचा, ती घेऊन जायची. "काळं काढून पांढरं लावायला तीन वर्षं?" असं एकदा विचारलंन. भाऊजी म्हणाले, "पांढरं नाही, क्रोम." ती आत गेली. जेवायला हाक मारायची तीही हळूहळू बंद झाली. ताट झाकून ठेवलेलं असायचं आणि भाऊजी ते नंतर कधीतरी, एकटेच, उभ्या उभ्या संपवायचे. हे मला तेव्हा फारसं दिसलं नाही. मला माझी कंबर दिसत होती.

शेवटी गाडी झाली. खरं सांगतो, मी गाड्यांमधला नाही, पण गॅरेजचं शटर वर गेलं आणि ती उन्हात आली तेव्हा मी माझी कंबरसुद्धा विसरलो. इतकी ती देखणी होती. कुठे जोड नाही, कुठे ठिगळ नाही. जमिनीला बिलगून, दोन चकचकीत ओठ मिटून शांत उभी. मी त्या दिवशी भाऊजींना मनापासून मानलं, आणि ते तोंडावर सांगितलंही. ते म्हणाले, "तू घरचा आहेस." म्हणजे माझं मत धरायचं नव्हतं.

मेळाव्याला ताई गाडीतून गेली, मी माझ्या स्कूटरवरून. गेटवरच्या माणसाने गाडी बघितली आणि न विचारता झाडांखाली पाठवली. भाऊजींनी इंजिन बंद केलं, उतरले आणि शर्ट नीट करून गाडीशेजारी उभे राहिले. चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलाची कळा.

अध्यक्ष आले. मागे दहा-बारा माणसं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून पुढून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. मग सरळ झाले आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

"हे बघा," अध्यक्ष म्हणाले. "डावा दिवा किंचित खाली आहे. माझ्या गाडीतही असाच आहे. हल्ली लोक काळतोंड्या घेतात, घरी क्रोम ठोकतात आणि मला फसवायला येतात. त्यांचे दिवे कसे, अगदी सरळ. ही खरी. कंपनी फिटिंग. त्या काळच्या कामगारांचा हात बघून घ्या."

माणसांनी बघून घेतला. कुणीतरी फोटो काढला. भाऊजींचा चेहरा मी पाहत होतो. तीन वर्षांच्या कामाची वाहवा त्यांच्या डोळ्यांदेखत एका बंद पडलेल्या कारखान्याला चालली होती. डेंटिस्ट निदान जिवंत तरी असतात.

"कंपनीचं नाही," भाऊजी म्हणाले. "मी केलंय. ही रबरवाली होती."

अध्यक्ष हसले. "विनोदी आहात."

"खरंच. मागच्या रांगेत विचारा. चार वर्षं मी तिथेच होतो."

"मागच्या रांगेला विचारून पहिली रांग ठरवायची?"

"कागद आहेत. साल बघा."

"साल कागदावर चुकतं हो, गाडीवर नाही. नोंदणी उशिरा झाली असेल."

मी पुढे झालो. म्हटलं, "मी साक्षीदार आहे. माझी कंबर गेली या कामात."

"तुम्ही कोण?"

"यांचा मेहुणा."

"मग बरोबरच आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांची नजर ताईकडे गेली. "वहिनी, आता तुम्हीच सांगा. बायको खोटं बोलत नाही. गाडी अशीच होती, की यांनी केली?"

भाऊजींनी ताईकडे पाहिलं. तिने 'यांनी केली' म्हटलं असतं तर गाडी स्वच्छतागृहापाशी गेली असती, पण जाता जाता तिथल्या प्रत्येकाने वाकून बघितलं असतं आणि विचारलं असतं, कुणी केलं. त्यांना तेवढंच हवं होतं. ताईलाही ते माहीत होतं. तिने पर्सची पट्टी खांद्यावर सारखी केली.

"ह्यांना थट्टेची सवय आहे," ती म्हणाली. "गाडी पहिल्यापासून अशीच आहे."

सगळे मोकळेपणाने हसले. अध्यक्षांनी काचेवर एक कार्ड लावलं, मूळ रूपात जपलेली सर्वोत्तम गाडी. भाऊजींनी चष्मा काढून पुसला आणि तो नंतर बराच वेळ घातलाच नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. जायचं नव्हतं, पण त्या दोघांना एकटं सोडायचं धाडस होईना. भाऊजी दारातच उभे होते, चपलांसकट. ताई ताटं मांडत होती.

"का सांगितलंस तसं?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. "तुझ्या एका शब्दाचं काम होतं."

"माहीत आहे."

"मग?"

ताईने पाण्याचे तांबे ठेवले. "मागे पाठवलं असतं तुम्हाला, तर उद्या सकाळी तुम्ही परत गॅरेजमध्ये गेला असतात. आधी बंपर, मग दिवे, मग स्प्रिंगा. आता आणखी काही निघालं असतं. पहिली रांग मिळाली, म्हणजे संपलं." ती थांबली. "तीन वर्षं या टेबलावर मी एकटी जेवतेय. मला कुणी विचारायला आलं होतं का?"

मी भिंतीकडे बघत राहिलो. भाऊजींनी चपला काढल्या, हात धुतले आणि येऊन बसले. ताईने त्यांना वाढलं, मग स्वतःचं ताट घेतलं. जेवण गरम होतं.